बुलेट थिअरी जुनी झाली म्हणतात, मग राईनपाड्याला काय झालं होतं?

अमळनेरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी एमए मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर अमळनेरला. डिझर्टेशनचा, म्हणजे एमएच्या प्रबंधाचा, विषय ठरवायचाय आणि डोक्यात एकच गोष्ट अडकून बसलीये म्हणून इथे विचारते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्हाला शिकवलंय की सगळ्यात जुनी ती बुलेट थिअरी, तिलाच हायपोडर्मिक नीडल पण म्हणतात. मीडियाने मेसेज सोडला की तो सरळ माणसाच्या डोक्यात घुसतो आणि सगळ्यांवर सारखाच परिणाम करतो. पहिल्या महायुद्धातल्या प्रचाराचं उदाहरण देतात, मग ३० ऑक्टोबर १९३८ चं ऑर्सन वेल्सचं रेडिओ नाटक, मंगळावरून हल्ला झाला समजून अमेरिकेत लोक घाबरले ते. पुढे १९४० च्या तिथल्या निवडणुकीत लाझार्सफेल्ड नावाचा समाजशास्त्रज्ञ आणि त्याच्या लोकांनी ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत अभ्यास केला आणि निघालं असं की रेडिओ-पेपरमुळे लोकांची मतं फारशी बदलतच नाहीत, लोक आपल्या ओळखीपाळखीच्या माणसांचं जास्त ऐकतात. तिथून बुलेट थिअरी मोडीत निघाली. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात.

पण १ जुलै २०१८ ला आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. आणि कारण काय तर व्हॉट्सअॅपवरचे मेसेज. माझी आजी अजून म्हणते, मोबाईलनं माणसं मारली. मग हा डायरेक्ट परिणाम नाही तर काय आहे? वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं की ती लॉ अँड ऑर्डरची केस आहे, थिअरीत बसवू नको. मला ते पटत नाहीये. आपल्या भागातली एवढी मोठी गोष्ट जर आपल्या सिलॅबसमधल्या कुठल्याच थिअरीला समजावता येत नसेल तर आम्ही शिकतोय कशाला?

पिंपळनेर_मास्तर

बरं व्हयनं ताई तू इचारं ते. आमच्याकडे या विषयावर कोणी बोलत नाही, नाव काढलं की लोक उठून जातात.

मी राईनपाड्याचा नाही पण त्याच पट्ट्यात शाळेवर आहे. त्या जूनमध्ये काय चाललं होतं ते सांगतो. शाळा नुकत्याच उघडलेल्या. कोणा ना कोणाची आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहायची, सर पोरगं न्यायला मीच येईन, दुसऱ्या कोणाबरोबर सोडू नका. का म्हणून विचारलं तर मोबाईल पुढे करायच्या. त्यात तोच व्हिडिओ, मोटरसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि सुसाट निघून जातात. तो व्हिडिओ मुळात पाकिस्तानात, कराचीत, पोरांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात. पूर्ण बघितला तर ते लोक पोराला परत आणून सोडतात आणि लहान मुलांकडे लक्ष ठेवा अशी पाटी दाखवतात. शेवटचा तेवढाच भाग कापलेला. देशभर फिरत होता तेव्हा.

आता तुझ्या थिअरीचं. त्या बायांना मी म्हणायचो की ताई हा व्हिडिओ आपल्याकडचा नाही, घरं बघा, रस्ता बघा. त्या व्हिडिओवर वाद घालत नव्हत्याच. त्या म्हणायच्या, सर माझ्या भावाने पाठवलाय, तो नाशिकला कंपनीत आहे. कोणी म्हणायची, दूध घालायला येतात ते नाना सांगत होते, पलीकडच्या गावात खरंच झालं. म्हणजे विश्वास मोबाईलवर नव्हता, भावावर होता, नानांवर होता. आणि तेव्हा आमच्याकडे घराघरात स्मार्टफोन पण नव्हते, एका पोराच्या हातात फोन आणि ओट्यावर सात-आठ डोकी त्यात वाकलेली, तो पोरगा वाचून दाखवणार, वर आपल्या मनाचं थोडं घालणार. लाझार्सफेल्डची टू-स्टेप फ्लो हीच ना? मीडियाकडून आधी गावातल्या चार जाणत्या माणसांकडे आणि त्यांच्याकडून बाकीच्यांकडे. पुस्तकात ओपिनियन लीडर म्हटलं की सरपंच नाहीतर मास्तर डोळ्यासमोर येतो, इथे ज्याच्याकडे फोन आणि नेटपॅक तो लीडर. आम्ही मास्तर लोक सांगत राहिलो, आमचं कोणी ऐकलं नाही.

नवापूर_वार्ताहर

मास्तरांचं बरोबर आहे, पण यात पत्रकारितेची बाजू पण यायला पाहिजे, मी बरीच वर्षं नंदुरबार जिल्ह्यातून बातम्या पाठवल्या आहेत म्हणून बोलतो.

२००६ चा फेब्रुवारी आठवा. देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरला निघाला, १८ फेब्रुवारीला जाहीर झालं. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत दिल्ली-मुंबईच्या कोणत्या चॅनेलला नवापूर नकाशात दाखवता आलं असतं का मला शंका आहे, आणि दुसऱ्या दिवशी चॅनेलच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनची रांग. पांढरे किट घातलेले लोक पोत्यात कोंबड्या भरतायत हे एकच दृश्य दिवसभर टीव्हीवर. माणसाला लागण झाल्याचं एकही प्रकरण त्या वेळी आपल्याकडे सिद्ध झालं नाही, पण चिकन-अंड्याचा बाजार देशभर झोपला, जिथे एकही कोंबडी आजारी नव्हती तिथे सुद्धा. इकडे पोल्ट्रीवाल्यांची काय हालत झाली ते मी बघितलंय, लाखोंनी पक्षी मारले, खड्डे खणून पुरले, बँकेचे हप्ते तसेच चालू.

आता यात चॅनेलवाल्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. बातमी खरीच होती. पण दिवसभर तेच दाखवलं की बघणाऱ्याला वाटतं आज देशात हाच एक प्रश्न आहे. अजेंडा सेटिंग म्हणतात ते हेच. मॅककॉम्ब्स आणि शॉ यांनी अमेरिकेत १९६८ च्या निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल गावात ज्यांचं मत ठरलं नव्हतं अशा शंभर मतदारांना विचारलं, कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, आणि तिथल्या बातम्यांत ज्या विषयांना जास्त जागा मिळाली तेच विषय लोकांनी सांगितले. १९७२ ला छापून आलं ते. बर्नार्ड कोहेनने त्याआधी १९६३ लाच म्हणून ठेवलंय की लोकांनी काय मत बनवावं हे पेपरला फारसं जमत नाही, पण कशाबद्दल विचार करावा हे मात्र भलतंच जमतं.

आणि राईनपाड्याच्या बाबतीत उलटं झालं, तिथे मीडिया कमी पडला. आमच्या वेळी मी बातमी पाठवली तरी वर डेस्कवर उपसंपादक बसलेला असायचा, फोन करून विचारायचा, ठाण्यात नोंद आहे का, पीआय काय म्हणतो. गेटकीपर. डेव्हिड मॅनिंग व्हाइटने १९५० मध्ये एका पेपरच्या असल्याच संपादकावर अभ्यास केला होता, तो रोज कोणत्या बातम्या का टाकून देतो यावर. व्हॉट्सअॅपवर हा माणूसच नाही. जून २०१८ मध्ये आपल्याकडच्या अफवा खोट्या आहेत हे पहिल्या पानावर, मोठ्या टायपात, रोज छापायला पाहिजे होतं. आलं ते आतल्या पानावर, पोलिसांचं आवाहन म्हणून, चार ओळीत. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

केळीवाला_रावेर

थिअरीतलं मला कळत नाही पण वार्ताहर भाऊंनी कोंबडीचं सांगितलं तसं आमचं केळीचं आहे म्हणून लिहितो.

दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ येतो, एक माणूस हिरव्या केळीचा घड टाकीतल्या पाण्यात बुडवतो आणि सांगतात बघा कसं केमिकल लावून एका रात्रीत पिवळी करतात, कॅन्सर होतो, खाऊ नका. पुण्या-मुंबईचे आपलेच पाहुणे आम्हाला पाठवतात, काय हो दादा खरं का हे? अहो रावेर-यावलला येऊन बघा. केळी कापून वाफ्यावरच फण्या करतात, धुतात, क्रेटमध्ये भरतात, मग रायपनिंग चेंबरला. थंड खोली असते, सोळा-अठरा डिग्रीवर, त्यात इथिलीन गॅस सोडतात, जो गॅस फळ पिकताना स्वतःच सोडत असतं. तीन-चार दिवस लागतात. सरकारी नियमात त्याला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत. बंदी आहे ती कार्बाइडवर, आणि कार्बाइड वापरणारे पण आहेत बाजारात, ते मी नाकारत नाही, त्यांना पकडा. पण व्हिडिओत हा फरक कोणी सांगत नाही. बुऱ्हाणपूरच्या केळी बाजारातला भाव आधीच खाली असतो त्यात गिऱ्हाईक पण घाबरलं की व्यापारी माल कापायलाच येत नाही, घड झाडावर पिकायला लागतो. मग तो बांधावर फेकायचा.

आणि अजून एक. आमच्याकडे टिश्यू कल्चरची रोपं आली, ठिबक आलं, ते काय टीव्हीवर जाहिरात बघून नाही आलं. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, रेडिओवर आकाशवाणी जळगावला ऐकलं, सगळं झालं, पण माझ्या वडिलांनी लावली केव्हा, तर शेजारच्या वाडीत एकाच वेळी सगळे घड निसवले ते डोळ्यानं बघितलं तेव्हा. चांगली गोष्ट शेजाऱ्याची बाग बघून एका हंगामाने पटते आणि वाईट गोष्ट एका मिनिटात पटते, याच्यावर कोणी अभ्यास केलाय का?

खान्देश_एक्सप्रेस

सगळ्याचं मूळ मोबाईल आहे. पोरांच्या हातातून काढून घ्या आणि असं काही झालं की जिल्ह्याचं नेट बंद करा, दुसरा उपाय नाही.

सातपुड्याची_सून

खान्देश एक्सप्रेस भाऊ, नेट बंद केलं की अफवा खोटी आहे हे सांगायचा रस्ता पण बंद होतो, आणि तोंडी अफवा तर चालूच राहते. मोबाईल नव्हते तेव्हा पण माणसं अफवेनं मेलीच आहेत की.

मी माहेरची नंदुरबारची, लग्न होऊन शहाद्याला, सध्या पुण्यात याच विषयात पीएचडी करतेय. अमळनेरच्या ताईला सविस्तर सांगते.

आधी एक, बुलेट थिअरी अशी कोणी रीतसर मांडलेलीच नाही. लासवेलने १९२७ ला युद्धातल्या प्रचारावर लिहिलं, त्या काळच्या लोकांना प्रचाराची भीती वाटायची, आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्या सगळ्याला मिळून हे नाव चिकटवलं. ऑर्सन वेल्सचं उदाहरण तर लिहूच नको, लिहिलंस तर पूर्ण लिही. देशभर घबराट पसरली हे बरंचसं पेपरांनी फुगवलेलं होतं, रेडिओने त्यांच्या जाहिराती पळवल्या होत्या आणि रेडिओ किती बेजबाबदार आहे हे दाखवायची त्यांना संधी मिळाली. हॅडली कँट्रिलने १९४० ला त्याचा अभ्यास छापला त्यात सुद्धा हेच आहे की सगळे घाबरले नाहीत, ज्यांनी दुसरं स्टेशन लावून बघितलं, पेपरमध्ये कार्यक्रमाची वेळ तपासली ते शांत राहिले. कोण घाबरलं आणि कोण नाही हा खरा प्रश्न होता.

तोच प्रश्न राईनपाड्याला लाव. त्याच १ जुलैला रात्री मालेगावात पण असाच जमाव जमला होता, तसाच संशय, पाच जण, त्यात एक लहान मूल. तिथे पोलिसांनी त्यांना गर्दीतून जिवंत बाहेर काढलं. दोन्हीकडे अफवा तीच, दिवस तोच. मेसेज जर बंदुकीच्या गोळीसारखा असता तर दोन्हीकडे सारखंच व्हायला पाहिजे होतं. म्हणून मेसेज एकट्याने काही करत नाही, तो कुठल्या गावात, कोणाच्या तोंडून, आधीपासूनच्या कोणत्या भीतीवर येऊन पडतो ते बघावं लागतं. तुझ्या आजीचं वाक्य अर्धं खरं आहे. मोबाईलने भीती पोचवली. मारलं माणसांनीच.

आणि ती आधीची भीती कुठून आली हे तुझ्या डिझर्टेशनमध्ये आलंच पाहिजे. इंग्रजांनी १८७१ ला क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट आणला, जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो कायदा गेला पण फिरस्ता दिसला की चोर असणार हा संशय गेला नाही, आणि तो संशय त्या यादीत नसलेल्या भटक्यांच्याही वाट्याला आला. माझ्या आजेसासूबाईंच्या लहानपणी डवरी गोसावी डौर वाजवत दारात आले की घरातली बाई सुपात धान्य घेऊन बाहेर यायची, गाणं पूर्ण ऐकायची, मागच्या वर्षी आला होता तो म्हातारा कुठंय विचारायची. ही ओळख आता राहिली नाही. आता दारात उभा असलेला माणूस अनोळखी, आणि टीव्हीवर रोज रात्री गुन्ह्यांच्या मालिका. जॉर्ज गर्बनरची कल्टिव्हेशन थिअरी इथे बघ, तो म्हणायचा की जे लोक तासन् तास टीव्हीपुढे असतात त्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागतं. परिणाम लहान असतो, पण वर्षानुवर्षं साठत जातो.

स्पायरल ऑफ सायलेन्स पण वाच, नोएल-नॉयमनची, १९७४. आपलं मत कमी लोकांचं आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो आणि त्यामुळे ते मत अजूनच कमी दिसतं. जमावात अशी माणसं असणारच की ज्यांना वाटलं असेल थांबा, आधी विचारू तरी. फक्त एक लक्षात ठेव, ती थिअरी मुळात जनमताबद्दल आहे, जमावाच्या हिंसेबद्दल नाही, म्हणून ती जशीच्या तशी चिकटवू नको, व्हायवाला, तोंडी परीक्षेत, पकडतील.

केळीवाले दादा, तुमच्या प्रश्नावर अभ्यास झालाय. रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ ला अमेरिकेत आयोवाच्या शेतकऱ्यांवर केला, हायब्रिड मक्याचं बियाणं कसं पसरलं त्यावर. माहिती आधी बियाणं विकणाऱ्यांकडून कळली पण लावायचं ठरवलं ते शेजाऱ्यांमुळे, अगदी तुमच्या वडिलांसारखंच. एव्हरेट रॉजर्सने पुढे १९६२ मध्ये त्यावरच डिफ्युजनची, म्हणजे नवीन गोष्ट लोकांत कशी पसरते याची, मांडणी केली. आणि मला वाटतं वेगात फरक पडतो तो यामुळे, की नवीन पीक लावण्यात पैसा अडकतो म्हणून माणूस तपासून घेतो, मेसेज पुढे ढकलायला काहीच लागत नाही. उलट लेकराच्या बाबतीत न पाठवणं हाच धोका वाटतो, खोटा असला तर असू दे पण खरा निघाला तर. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने फॉरवर्डेड असा शिक्का आणला, भारतात एका वेळी पाचच चॅटना पाठवता येईल असं केलं, एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेले मेसेज एकाच चॅटला, ते याचसाठी, पाठवणाऱ्याला थोडं तरी थांबावं लागावं म्हणून.

केळीवाला_रावेर

धन्यवाद ताई. आयोवाचं वाचून बरं वाटलं. मग आता असं करतो, व्हिडिओ आला की उत्तर टाईप करत बसण्यापेक्षा आमच्या गावातल्या चेंबरचा व्हिडिओ माझ्याच आवाजात करून पाहुण्यांना पाठवतो, शेजाऱ्याचं ऐकतात तर पाहुण्याचं पण ऐकतील.

नवापूर_वार्ताहर

पाठवा, आणि इथे पण टाका.

ताईला अजून एक संदर्भ. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ रुरल फोरमचा प्रयोग केला होता, दीडशेच्या आसपास गावांत. गावात एक गट रेडिओपाशी एकत्र बसायचा, शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि संपला की त्यावरच चर्चा, प्रश्न असतील ते केंद्राला लिहून पाठवायचे. ज्या गावात असा गट होता तिथे लोकांच्या ज्ञानात चांगली वाढ दिसली. ओट्यावर डोकी तेव्हा पण एकत्र जमायची, फक्त उलटं विचारायला जागा होती.

अमळनेरची_लेक

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं सविस्तर उत्तर मिळेल वाटलं नव्हतं. मालेगावच्या मुद्द्याने डोक्यातला गुंता सुटला. मी असं ठरवतेय की राईनपाड्याच्या घटनेवर नको, त्या पट्ट्यातल्या दोन-तीन गावांत आज अफवेचा मेसेज कोणाकडून येतो आणि लोक तो कोणाला विचारून खरा-खोटा ठरवतात यावर करते. गाईडना पण हे पटेल वाटतं. प्रश्नावली कशी करू? तुम्ही असा मेसेज खरा मानला का, असं सरळ विचारलं तर चालेल?

सातपुड्याची_सून

नाही चालणार. सगळे म्हणतील मी नाही, दुसरे मानतात. डेव्हिसनने १९८३ ला यालाच थर्ड-पर्सन इफेक्ट म्हटलंय, मीडियाचा परिणाम आपल्यावर कमी आणि इतरांवर जास्त होतो असं प्रत्येकालाच वाटतं. त्यापेक्षा मागच्या आठवड्यात फोनवर आलेला एक मेसेज दाखवायला सांग, तो कोणी पाठवला, तुम्ही तो कोणाला दाखवला, मग काय बोलणं झालं, असं एकेक पायरी विचारत जा. मारहाणीचे जे व्हिडिओ तेव्हा फिरले ते कुठूनही मिळवू नको आणि कोणाला दाखवू पण नको. घटनेबद्दल माणूस स्वतःहून बोलला तर ऐकून घे, खोदून विचारू नको, लोकांची घरंदारं त्यात गेली आहेत, दोन्हीकडची.

पिंपळनेर_मास्तर

ताई ये तू, राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडे होईल, घरच्यांना सोबत आण. फक्त प्रश्नावली मराठीत छापून आणून भागणार नाही. आमच्या पाड्यांवर म्हाताऱ्या बाया कोकणी (गोव्याकडची नाही, इकडच्या आदिवासींची) नाहीतर भिली बोलतात, मराठी कळते पण मनातलं मराठीत सांगत नाहीत. आणि तेव्हा तो व्हिडिओ एवढा पसरला त्याचं एक कारण हे पण असावं की तो समजायला कुठलीच भाषा लागत नव्हती. माझे दोन जुने विद्यार्थी आहेत, एक मुलगी डीएड झालेली, तिला सोबत घे. आणि येशील ती भात लावणी आटोपल्यावर ये, त्याच्या आधी घरात माणूस सापडणार नाही.